तोच पेप्टाइड, तीच कृती, पण जेल दर वेळी वेगळं: स्वयंजुळणीच्या कामाच्या टिपा

तंतुमय

लहान पेप्टाइडांच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या) स्वयंजुळणीवर, म्हणजे रेणू आपोआप जुळून तंतू किंवा नळ्या होण्यावर, या मंचावर येणारे प्रश्न बहुतेक एकाच जातीचे असतात: क्रम तोच, शुद्धता ९५ टक्के, कृती पेपरातलीच, तरी मागच्या खेपेला घट्ट बसलेलं जेल या खेपेला ताक झालं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. भर घाला, चुकलं असेल तिथे टोका.

मूळ मुद्दा असा, की हे तंतू आणि नळ्या बहुतेक वेळा सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीला पोचलेल्या नसतात. वाटेत जिथे अडकल्या तिथेच थांबतात. त्यामुळे विद्रावक कोणता, पाणी आधी घातलं की नंतर, किती वेगाने, किती तापमानाला, हे सगळं पदार्थाचाच भाग झालं. अमिनो आम्लांचा क्रम हा नुसता कच्चा माल.

तीन नमुने घेऊ.

एफएफ, म्हणजे डायफेनिलअलॅनिन. अल्झायमरमधल्या बीटा-अमायलॉइड प्रथिनाच्या १९ आणि २० या जागांवर सलग दोन फेनिलअलॅनिन आहेत. तेवढाच तुकडा घेतला तरी नळ्या होतात, हे तेल अवीव विद्यापीठातल्या रेचेस आणि गाझित यांनी २००३ मध्ये दाखवलं. कृती सोपी: एचएफआयपीमध्ये (हेक्झाफ्लुरोआयसोप्रोपॅनॉल) १०० मिग्रॅ/मिलि विरघळवा, त्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर पाण्यात सोडा. शेवटी २ मिग्रॅ/मिलि, म्हणजे ६.४ मिलिमोलर. काही क्षणांत पांढुरकं होतं.

इथे चुकतं ते असं. साठा आदल्या दिवशीचा असतो. एचएफआयपी ५८ अंशांना उकळतं, झाकण जरा सैल राहिलं की उडतं आणि तीव्रता चढते. शिवाय शिळ्या साठ्यात पेप्टाइडचे बारीक पुंजके आधीच तयार असतात, तेच पुढे बीज म्हणून काम करतात. साठा रोज ताजा करा. दुसरी चूक धुण्यात. एफएफ पाण्यात साधारण ०.८ मिग्रॅ/मिलि विरघळतं, म्हणजे २ मिग्रॅमधला ४० टक्के माल मुळात द्रावणातच असतो. उरलेल्या नळ्या ताज्या पाण्याने तीनदा धुतल्या की 'उत्पादन कमी आलं' असं वाटतं, पण ते सिंकमध्ये गेलेलं असतं. धुवायचंच असेल तर एफएफने संपृक्त केलेल्या पाण्याने धुवा.

एचएफआयपी डोळ्यांना फार घातक आहे. काम धूरकपाटातच करा, चष्मा घाला. ते नायलॉन, पीईटी, ॲक्रिलिक विरघळवतं. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं.

एफमॉक-एफएफ, म्हणजे टोकाला एफमॉक हा संरक्षक गट जोडलेला एफएफ. २००६ मध्ये गाझित आणि युलाइन या दोन गटांनी स्वतंत्रपणे याची जेलं मांडली. दोन रस्ते आहेत. पहिला: डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड) १०० मिग्रॅ/मिलि, मग ५० मायक्रोलिटर घेऊन ९५० मायक्रोलिटर पाण्यात. आधी दुधासारखं होतं, काही मिनिटांत निवळून पारदर्शक जेल बसतं. दुसरा: अल्कलीत विरघळवून पीएच खाली आणायचा. दोन्हीकडे रेणू तोच, तीव्रता तीच, पण जाळी वेगळी आणि घट्टपणाही वेगळा. पेपरात 'एफमॉक-एफएफ जेल' एवढंच लिहिलेलं असेल तर तुलना करू नका, कृतीचा भाग वाचा.

राडा-१६. (नावावरचे विनोद करून झालेत, नवीन असेल तरच लिहा.) आर्जिनिन-अलॅनिन-ॲस्पार्टिक आम्ल-अलॅनिन ही चौकडी चार वेळा, एका टोकाला ॲसिटिल, दुसऱ्या टोकाला अमाइड. रेणुभार १७१२.८. एमआयटीतल्या शुगुआंग झांग यांच्या कामातून आलेला. साखळ्या शेजारी-शेजारी बांधल्या जाऊन पट्टा होतो, तो बीटा-शीट. त्याची एक बाजू अलॅनिनची, पाण्याला बुजणारी. दुसऱ्या बाजूला आलटूनपालटून धन आणि ऋण भार. आम्लधर्मी पाण्यात भार एकमेकांना ढकलतात म्हणून द्रावण वाहतं. मीठ किंवा उदासीन पीएच मिळाला की ते ढकलणं झाकलं जातं आणि जेल बसतं. सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे तंतू, बाकी ९९ टक्क्यांच्या वर पाणी.

काचकुपी

छान धागा. पण पहिली चूक तराजूवरच होते, ती लिहायची राहिली.

घन-टप्प्यावर (घन मण्यांवर साखळी वाढवत नेऊन) बनवलेला पेप्टाइड बहुधा टीएफए (ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल) क्षाराच्या रूपात येतो. बाटलीवरचे '९५ टक्के' म्हणजे एचपीएलसी शुद्धता: पेप्टाइडसदृश गोष्टींमध्ये तुमचा पेप्टाइड किती. पुडीत पेप्टाइड किती, हा निराळा आकडा. राडा-१६ चं गणित करून बघा: चार आर्जिनिन, म्हणजे चार टीएफए, ४ गुणिले ११४ म्हणजे ४५६. एकूण २१६९ मधले ४५६, म्हणजे २१ टक्के वजन नुसत्या टीएफएचं. वर ओलावा. निव्वळ पेप्टाइड ७५ टक्के धरला तर १ टक्का द्रावणासाठी मिलिलिटरला १० नव्हे, १३.३ मिग्रॅ तोलावे लागतात. एक लॉट ८० टक्क्यांचा आणि दुसरा ६५ चा असेल तर 'तीच कृती' कुठून राहणार? निव्वळ पेप्टाइडचा आकडा विक्रेत्याकडून लेखी मागा, नाहीतर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या. ज्यात टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन आहे त्याचं २८० नॅनोमीटरला मोजून भागतं. राडात दोन्ही नाहीत.

टीएफए घालवायचं तर १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून गोठवून वाळवा, असं दोन-तीनदा. त्याहून तीव्र आम्ल नको, ॲस्पार्टिक आम्लाशेजारचे बंध तुटू लागतात.

आणि फ्रीझरमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड पुडीवर दव बसतं, पुढचं प्रत्येक वजन खोटं.

कोष्टी

एफमॉक-एफएफच्या पीएचवाल्या रस्त्याबद्दल. इथे सगळ्यात जास्त जेलं बिघडतात, म्हणून सविस्तर.

२५ मिग्रॅ पेप्टाइड ४.५ मिलि पाण्यात टाका. रेणुभार ५३४.६, म्हणजे ४६.८ मायक्रोमोल. एकास एक प्रमाणात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड लागेल ४७० मायक्रोलिटर. ते थेंब-थेंब, ढवळत. मध्येच गुठळ्या दिसतील, त्यांना वेळ द्या. घाईने अल्कली वाढवत नेली आणि पीएच ११ च्या वर राहिला की एफमॉक गटच सुटू लागतो. १०.५ च्या आसपास थांबा आणि द्रावण त्याच दिवशी वापरा.

आता पीएच उतरवणं. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की थेंबापाशी जेलचा गोळा बसतो आणि बाजूला पाणी तसंच राहतं. हे लिंबू पिळून दूध फाडण्यासारखं झालं. आपल्याला दही हवंय. त्यासाठी ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन, टोफू जमवायला वापरतात तेच. ते पाण्यात चटकन विरघळतं, पण फुटून ग्लुकोनिक आम्ल व्हायला तास लागतात. त्यामुळे आम्ल सगळीकडे एकसारखं आणि सावकाश तयार होतं. कोरडी पूड वेगळ्या कुपीत तोलून ठेवा (५ मिग्रॅ/मिलि या हिशोबाने), द्रावण तिच्यावर ओता, एकदा हलकेच फिरवा, ठेवून द्या. रात्रभरात पीएच ४ च्या आसपास येतो. जागेवरून हलवू नका, विरजण लावलेलं भांडं हलवत नाहीत तसं.

पीएच मोजत बसलात तर मध्ये तो अडून राहिलेला दिसेल. मीटर बिघडलेला नाही. सुट्या रेणूच्या कार्बॉक्सिल गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो आकडा) ३.५ च्या आसपास असायला हवा, पण जुळणी झाली की तो कित्येक एककं वर सरकतो, त्यामुळे जेल पीएच ९ च्या खालीच धरू लागतं. पेप्टाइड स्वतःच बफर झालेला असतो.

निमशास्त्री

राडामध्ये पेशी मिसळल्या की निम्म्या मरतात, अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. पेप्टाइड विषारी नाही म्हणतात, मग मरतात कशाने? आधी फॉस्फेट बफरने उदासीन करून मग पेशी घालाव्यात का?

तंतुमय

@निमशास्त्री, आधी बफर घातला तर तिथेच जेल बसेल आणि मग पेशी मिसळताना तुम्ही तुटक्या चोथ्यात पेशी कालवाल. मारतो तो पेप्टाइड नव्हे. मारतं आम्ल (साठ्याचा पीएच ३ च्या आसपास असतो) आणि मीठ नसल्यामुळे होणारा परासरणाचा धक्का. दोन्हींवर उपाय: मिठाऐवजी साखर आणि कमीत कमी वेळ.

क्रम असा. १ टक्का साठा पाण्याच्या सॉनिकेटरमध्ये (श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडणाऱ्या टाकीत) ३० मिनिटं ठेवा. ठेवून ठेवून साठा घट्ट होत जातो. सॉनिकेशनने तंतू तुटून तो पातळ होतो आणि पुढे दोनेक तासांत पुन्हा लांब तंतू जुळतात, म्हणून लगेच वापरा. साठा २० टक्के सुक्रोजमध्ये निम्मा करा: झाला ०.५ टक्का पेप्टाइड, १० टक्के सुक्रोज. पेशी १० टक्के सुक्रोजमध्ये एकदा धुवा, कारण माध्यमाचं उरलेलं मीठसुद्धा गुठळी करतं. मग १० टक्के सुक्रोजमध्येच हव्या त्या घनतेच्या दुप्पट करून ठेवा. समान भाग मिसळा. शेवटी ०.२५ टक्का पेप्टाइड आणि साखर शेवटपर्यंत १० टक्के, म्हणजे पेशी फुगतही नाहीत, आक्रसतही नाहीत. मिसळल्यापासून इन्सर्टमध्ये (विहिरीत बसणाऱ्या सच्छिद्र तळाच्या कपात) जाईपर्यंत एक मिनिटाच्या वर नको. एका वेळी दोन-तीन विहिरींपुरतंच मिसळा.

माध्यम आधी इन्सर्टच्या खाली घाला. पाचेक मिनिटांत खालून वर जेल धरतं. मग वरून, भिंतीला टेकवून, अगदी सावकाश. पहिल्या तासात माध्यम दोन-तीनदा बदला. फिनॉल रेड असलेलं माध्यम घ्या: पिवळं पडलं तर आम्ल अजून निघतंय, गुलाबी टिकलं की थांबा.

अजून एक. राडाला पेशींनी पकडावं असं त्यात फारसं काही नाही. चिकटून वाढणाऱ्या पेशी गोल होऊन बसल्या तर मरताहेत असं लगेच समजू नका. लॅमिनिन हे प्रथिन मिसळा किंवा टोकाला आरजीडी, आयकेव्हीएव्हीसारखा, पेशींना पकडता येणारा क्रम जोडलेला राडा काही टक्के घाला. पूर्ण राडा तसाच जोडलेला घेतला तर जुळणी बिघडू शकते.

लोलक

कुपी उलटी करून 'जेल झालं' म्हणणाऱ्यांसाठी: घट्ट काकवीही थोडा वेळ पडत नाही. ऱ्हिओमीटर (पदार्थ किती घट्ट, किती वाहता ते मोजणारं यंत्र) लावा.

आधी विकृती (जेल किती ताणलं ते) वाढवत नेऊन सरळ पट्टा शोधा, बहुतेक पेप्टाइड जेलांना ०.१ ते १ टक्का चालतं. मग वारंवारता. साठवण गुणांक (लवचिकपणाचा) हा नाश गुणांकाच्या (वाहण्याच्या) दहापट आणि वारंवारतेवर जवळपास आडवा असेल तर खरं जेल. शक्य असेल तर जेल प्लेटवरच बसू द्या. कुपीतून चमच्याने काढून ठेवलेलं जेल आधीच मोडलेलं असतं आणि आकडा दसपटीनेही कमी येऊ शकतो. कडेने तेल लावा. रात्रभराच्या मापनात कडा वाळते आणि 'जेल हळूहळू घट्ट होतंय' असा सुंदर आलेख मिळतो. तो बाष्पीभवनाचा असतो.

सुईतून टोचायचं असेल तर मोडून बघा: ३० सेकंद १००० टक्के विकृती, मग परत १ टक्का, आणि गुणांक किती वेळात किती परत येतो ते पाहा. श्नायडर आणि पोचन यांचा मॅक्स-१ यासाठी नमुना आहे. २० अमिनो आम्लं, व्हॅलिन-लायसिनची आलटून-पालटून दोन टोकं आणि मध्ये डी-प्रोलिन-एल-प्रोलिनचं वळण. पाण्यात सुटा राहतो. पेशींच्या माध्यमातल्या मिठाने लायसिनचे भार झाकले की केसपिनेसारखा दुमडतो आणि जुळतो. एकच लायसिन ग्लुटामिक आम्लाने बदलून केलेला मॅक्स-८ बराच लवकर बसतो. त्यामुळे पेशी तळाशी बसण्याआधी जाळीत अडकतात.

गंधक

ओळख पटवण्याच्या चाचण्यांवर. प्रत्येक चाचणी एकेकटी खोटं बोलते.

थायोफ्लेविन-टी हा तंतूंना चिकटल्यावर चमकणारा रंग (४४० नॅनोमीटरला उद्दीपन, ४८२ ला उत्सर्जन) स्वतः धनभारित आहे. लायसिनने भरलेल्या तंतूंजवळ ते नीट जात नाही, त्यामुळे 'चमक नाही म्हणजे तंतू नाहीत' हे तिथे चूक.

एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) साध्या पाण्यात नको, पाण्याचा १६४० चा पट्टा पेप्टाइड बंधाच्या अमाइड-१ पट्ट्यावर बसतो. जड पाणी घ्या. बीटा-शीट १६२० ते १६३० ला दिसतं. टीएफए १६७३ ला येतं. ते वळण किंवा प्रतिसमांतर शीट म्हणून छापलेलं अनेकदा दिसतं. काचकुपींनी सांगितलेला क्षारबदल इथेही उपयोगी.

सीडी (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजणारी चाचणी): १ मिमी कुपी, ०.१ मिग्रॅ/मिलि, बीटा-शीटचा खड्डा २१६ ते २१८ ला. क्लोराइड २०० च्या खाली सगळं गिळतं, फ्लुओराइड क्षार वापरा. डीएमएसओवाला नमुना सीडीला नेऊच नका. आणि लक्षात घ्या, शंभरपट पातळ केलेला नमुना म्हणजे जेल नव्हे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी युरेनिल ॲसिटेट: फॉस्फेटबरोबर साका बसतो आणि जाळीवर सुंदर सुया दिसतात, त्या पेप्टाइडच्या नसतात. शिवाय त्याचा पीएच ४ ते ४.५. पीएचवर चालणारी जुळणी रंगवतानाच बदलते. उदासीन केलेलं २ टक्के फॉस्फोटंग्स्टिक आम्ल करून बघा. दोन्ही रंगांत एकच चित्र आलं तर विश्वास ठेवा. वाळतानाही रचना वाढतात, एफएफमध्ये तर नक्की. शक्य तिथे क्रायो, म्हणजे न वाळवता झटक्यात गोठवून बघा.

सातपुडा

हे सगळं ठीक, पण वीस-तीस वर्षं पेपर निघताहेत, बाजारात काय आलं? प्रामाणिक प्रश्न आहे, खोचक नाही.

काचकुपी

@सातपुडा, आलंय, पण 'नॅनो'चा बिल्ला न लावता.

लॅनरिओटाइड घ्या. सोमॅटोस्टॅटिनसारखा आठ अमिनो आम्लांचा पेप्टाइड, ॲक्रोमेगली आणि काही न्यूरोएंडोक्राइन गाठींवर देतात. सिरिंजमध्ये भरलेला माल म्हणजे पेप्टाइड आणि पाणी यांचंच घट्ट जेल, त्यात २४ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या. त्वचेखाली खोल दिलं की नळ्या कडेकडेने विरघळतात, म्हणून २८ दिवसांतून एकदा पुरतं. वेगळा पॉलिमर वाहक नाही. औषधच स्वतःची साठवण. कमी विद्राव्यता इथे दोष नसून अख्खी युक्ती आहे.

दुसरं, लीड्स विद्यापीठातल्या अमालिया ॲगेली यांच्या कामातून आलेला पी-११-४. अकरा अमिनो आम्लं. दाताच्या सुरुवातीच्या किडीत, म्हणजे पांढरा डाग असतो पण खड्डा पडलेला नसतो तेव्हा, सुटा रेणू सच्छिद्र इनॅमलात शिरतो, आत जुळतो आणि कॅल्शियम फॉस्फेटला धरायला जागा देतो. बाहेरच जुळला तर आत शिरत नाही, म्हणून दात आधी स्वच्छ आणि कोरडा करणं हा उपचाराचा गाभा.

तिसरं आपला राडा: २.५ टक्के द्रावण, एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला. युरोपात आधी आलं, अमेरिकेत २०२१ मध्ये. रक्तातल्या क्षारांनी आणि पीएचने जागीच बसतं. पारदर्शक असल्याने खाली कुठून रक्त येतंय ते डॉक्टरांना दिसत राहतं.

कोष्टी

पदार्थविज्ञानाकडे यायला हवं, सगळे वैद्यकात रमलेत.

२००३ च्या त्या एफएफ पेपरातच नळीचा साचा म्हणून वापर होता: चांदीचे आयन आत, क्षपण, मग प्रोटिनेज-के ने पेप्टाइड खाऊन टाकायचं, हातात सुमारे २० नॅनोमीटरची चांदीची तार. नळ्यांचा ताठपणा १९ गिगापास्कलच्या आसपास मोजला गेला. जैविक रेणूच्या मानाने भरपूर. दाबविद्युत गुणही चांगला. पण हे सगळं कोरड्यात. ओल्या जागी त्याच नळ्या विरघळतात हे वर आलंच आहे, तेव्हा 'शरीरात बसवायचा एफएफ सेन्सर' असं शीर्षक दिसलं की आवरण कशाचं ते आधी शोधा.

तापवताना काळजी: १५० अंशांच्या वर रेणू स्वतःवरच वळून चक्रीय एफएफ होतो आणि परत येत नाही. याचाच उपयोगही झालाय. २२० अंशांना निर्वातात वाफ करून बसवलं की पृष्ठभागावर उभ्या नळ्यांचं रान उगवतं, सुपरकपॅसिटरच्या विद्युतअग्रांसाठी ते वापरून पाहिलं गेलं. रान एफएफचं म्हणतात, असतं चक्रीय एफएफचं.

लोलक

कोष्टी, तापवण्यावरून आठवलं. स्टुप यांच्या गटाचे पेप्टाइड ॲम्फिफाइल: १६ कार्बनची स्निग्ध शेपटी आणि पुढे पेप्टाइड. साधं द्रावण मिठात सोडलं तर दिशाहीन जेल. तेच ८० अंशांना अर्धा तास ठेवून सावकाश थंड केलं आणि मग कॅल्शियम क्लोराइडमध्ये पिपेटने ओढत सोडलं, तर सोऱ्यातून शेव पडावी तशी दोरी मिळते, आतले तंतू सगळे एका दिशेला. रेणू तोच, तीव्रता तीच. तंतुमय यांचा मूळ मुद्दा याहून चांगला सिद्ध होणार नाही.

गंधक

ॲम्फिफाइलला पेप्टाइड म्हणायचं का हा वाद जुना आहे, पण नको तो आत्ता. :)

मराठी मुलखातलंही एक नोंदवतो. पवईला आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने अल्फा-सिन्युक्लिनमधल्या छोट्या क्रमांना एफमॉक जोडून जेलं केली आणि त्यांवर मूळपेशी वाढवल्या. पार्किन्सनमधलं प्रथिन म्हणून लोक दचकतात. पण पिट्यूटरी ग्रंथी काही संप्रेरकं अमायलॉइडच्याच रूपात साठवते, हे दाखवणाऱ्या २००९ च्या पेपरातही माजी होते. बीटा-शीटचा तंतू म्हणजे रोगच, असं नाही.

निमशास्त्री

राडाचा क्रम करून बघितला जाईल, धन्यवाद. शेवटची शंका: ग्लुकोनोलॅक्टोनवालं जेल दोन दिवसांनी आक्रसून कडेला पाणी सुटतं. तीव्रता कमी पडते का?

कोष्टी

बहुधा उलट. लॅक्टोन जास्त झालंय. पीएच फार उतरला की उरलेला ऋणभारही जातो, तंतू एकमेकांना चिकटून जाड होतात आणि जाळी पाणी पिळून टाकते, दही आंबट झालं की निवळी सुटते तसंच. ५ ऐवजी ३ आणि २ मिग्रॅ/मिलि अशा दोन कुप्या शेजारी लावा, ४८ तासांनी तिन्हींचा पीएच आणि सुटलेलं पाणी तोलून इथे टाका. तापमानही लिहा, मेमधल्या खोलीत लॅक्टोन जानेवारीपेक्षा बरंच लवकर फुटतं.